चार दातांचा फरक

१

ओढ्यात माणूस मेला, आणि त्याचं खापर फोडायला लोक थेट माझ्या दुकानापर्यंत आले.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं जुन्या जीपच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, त्यांच्यामागं मी चालवते. "दुकानात कुणी पुरुषमाणूस नाही का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर देत नाही, गिऱ्हाईक ओशाळेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत राहते. चौऱ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच सरली होती. पाटणकडचे फौजदार आले, त्यांनीही हाच प्रश्न विचारला, आणि ओशाळून झाल्यावर गोणपाटात गुंडाळलेलं एक दातेरी चक्र काउंटरवर ठेवलं. अर्धे दात तुटलेले. तेलात ओढ्याची वाळू मिसळलेली.

"तुमच्या दुकानचा माल," ते म्हणाले. "यानं माणूस मारलाय."

हकीकत अशी. कोयनाकाठच्या गावांसाठी एक आरोग्य मंडळ होतं. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, लष्करानं लिलावात काढलेली जीप होती. भात कापताना ज्ञानू नावाच्या तरुण शेतकऱ्याला घोणस चावली. मंडळाचा ड्रायव्हर जोतीराम त्याला आणि त्याच्या बायकोला, साळूबाईला, घेऊन निघाला. ओढ्यात मागची चाकं रुतली. जोतीरामनं चारही चाकं चालवायचा दांडा ओढला, पुढच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यात कडाड आवाज झाला, आणि जीप जागच्या जागी थिजली. माणसं जमून ज्ञानूला खांद्यावर उचलेपर्यंत उशीर झाला होता.

"मंडळाचे सचिव गंगाधरपंत यांची लेखी तक्रार आहे," फौजदार सांगत होते. "एक तर तुमचा माल कुचकामी, नाहीतर ड्रायव्हरनं चांगला माल विकून त्या जागी भंगार घातलं. दोनापैकी काय, ते तुम्हीच सांगा. ड्रायव्हरला कामावरून काढलंच आहे. आता आत घालायचा तेवढा बाकी आहे."

माझं टाळकं सणकलं. दोन वर्षांपूर्वी त्या जीपला पुढच्या गोळ्याचा सेट, म्हणजे असं मोठं चक्र आणि त्याच्या जोडीचं छोटं, मीच दिला होता. मी चिंधीनं चक्र पुसलं आणि दात मोजले. तुटलेल्यांची मुळं धरून त्रेचाळीस भरले. मग ते उलटं करून पाठ पाहिली. पाठ कोरी होती.

"फौजदारसाहेब, हे माझं नाही. लढाईतल्या जीपच्या चक्राला एकोणचाळीस दात असतात. हे त्रेचाळीसचं, लढाईनंतरच्या साध्या जीपचं. आणि आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक चक्राच्या पाठीवर दोन ठिपके ठोकलेले असतात. वडिलांची पद्धत. इथं एकही नाही."

"म्हणजे ड्रायव्हरनं विकलं," फौजदार सुटल्यासारखे म्हणाले.

"म्हणजे कुणीतरी विकलं," मी म्हटलं. "ड्रायव्हर गरीब आहे म्हणून त्याचं नाव आधी सुचतं, एवढंच."

२

जोतीराम माण तालुक्यातला. फौजेत गाडी चालवून आलेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको राहीबाई त्याला अक्षरशः दंडाला धरून दुकानात घेऊन आली. गडी खाली मान घालून उभा राहिला, बोलत होती तीच.

"ताई, आमच्या घरच्या पान्याला पोरबी हात लावत न्हाई. ह्यांनी चोरी किली म्हनून. दुष्काळात ह्याच मानसानं दिसरात औशिदं पोचिवली. तवा लय ग्वाड हुता. आता थुकत्यात."

"जोतीराम," मी विचारलं, "दांडा ओढण्याआधी विचार केला होतास का?"

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "इचार कसला, ताई? मागं ज्ञानू तडफडत हुता. मागची चाकं रुतली की दांडा वढायचा, ह्ये फौजेत हाताला शिकिवल्यालं."

"त्याआधी कधी ओढला होतास?"

"पावसाळ्यात रोजचंच. गनपतीनंतर वाटा सुकल्या. वरच्या गावात्नं बलावनं आलं न्हाई, वढा वलांडायची येळ आली न्हाई."

बस्स. माझ्यापुरता जोतीराम तिथंच सुटला. मागच्या गोळ्यात एकोणचाळीस दातांचं चक्र आणि पुढच्यात त्रेचाळीसचं, असं केलं तर रोजच्या रस्त्यावर काहीच कळत नाही, कारण ओढतात ती मागचीच चाकं. दांडा ओढला की चारही चाकं एका दावणीला बांधली जातात. मग एका जुवाला बैल आणि रेडा जुंपावा तसं होतं. दोघांची चाल वेगळी, आणि मोडतं जू. ज्यानं ही अदलाबदल केली त्याला हे पक्कं ठाऊक असणार. तो माणूस ओढ्याच्या मध्यात स्वतःच्या हातानं तो दांडा कशाला ओढेल?

"गणपतीपासून आजवर जीप तुझ्या हातातून कुणाकुणाकडे गेली?"

"गनपती झाल्याव लालासाहेबांच्या ग्यारेजात. दरसालची सफाई. आन दिवाळीत सचिवसाहेब सोता वाईला घिऊन गेलं. मला म्हनलं, तू घरी जा, सन कर." तो जरा थांबला. "म्या किला सन."

राहीबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. तिनं तो कमरेला खोचला. ही बाई मला आवडली.

मोडकी जीप ओढून लालासाहेबांच्याच गॅरेजात आणून ठेवली होती. मी जाऊन खाली वाकले. लष्करासाठी फोर्डनं ज्या जीप बनवल्या, त्यांच्या बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ कोरलेला असतो. फौजदारांनी तुटकं चक्र काढून घेतल्यावर पुढच्या गोळ्याचं झाकण आणि त्याचे बोल्ट एका डब्यात ठेवले होते. सगळे बोल्ट एफचेच होते, एकाचीही कड झिजलेली नव्हती. रस्त्याकडेला चोरून उघडणाऱ्यानं दोन बोल्ट हरवले असते आणि तिसऱ्याचं डोकं खाल्लं असतं. हे काम निवांत, छपराखाली, चांगल्या पान्यांनी झालं होतं.

लालासाहेब माझ्याशेजारी उभे होते. धिप्पाड, हसरे, गळ्यात माळ. "वंगाळ झालं बगा, ताई," ते म्हणाले. "आमी गनपतीनंतर गाडी आरशावानी करून दिली हुती. म्होरचा गोळा आमी उगाडलाबी न्हाई. मंग कुनी काय किलं, द्येव जाने."

३

गंगाधरपंत मंडळाच्या साताऱ्याच्या कचेरीत भेटले. इस्त्रीचं धोतर, टेबलावर पानसुपारीचा डबा. मी वाईची, त्यांची सासुरवाडी वाईची, त्यामुळे आधी माझ्या आत्याची चौकशी झाली.

"प्रमोदिनीबाई, तुम्ही यात कशाला पडता? ती माणसं तशीच. संधी मिळाली की हात मारणारच."

"कोणती माणसं?"

"म्हणजे... ड्रायव्हर लोक हो."

"दिवाळीत जीप वाईला नेली होती, तेव्हा ड्रायव्हर कोण होता?"

पंतांचा चुना लावणारा हात थांबला. गरिबांच्या औषधांची जीप हे गृहस्थ बायकोला भाऊबीजेला माहेरी न्यायला वापरतात, आणि मग तक्रारीत पहिलं नाव ड्रायव्हरचं घालतात! मी आवाज चढवला, हे कबूल. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"जीप तिथं कुठं होती?"

"मेहुण्याच्या गिरणीच्या आवारात. दोन दिवस." ते पुटपुटले. "तिथं त्यांचा यंत्रदुरुस्तीचा कारखानाही आहे. पण म्हणून तुम्ही असं समजू नका, की..."

मी समजलेच होते. छप्पर, चांगले पाने, दोन निवांत दिवस. तक्रार करण्याची एवढी घाई कुणाला असते? ज्याच्याकडे झाकण्यासारखं काही असतं त्याला. त्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे गंगाधरपंतांचं नाव घेतलं असतं.

४

पण चोरी कोणासाठी झाली? एकोणचाळीस दातांचा सेट भंगाराच्या भावानं विकायला कुणी काढत नाही. तो हवा असतो फक्त लढाईतली जीप बाळगणाऱ्याला, आणि तो मिळता मिळत नाही. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत अशा जीपवाल्यांना मी एकूणएक ओळखते. श्रावणात एकजण माझ्याकडून रिकाम्या हातानं परत गेला होता. सांगलीजवळचे ऊसवाले नानासो.

एस.टी.नं सांगली गाठली. नानासोंची जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली, पुढचा गोळा उघडा आणि रिकामा. म्हणजे वस्तू अजून आलेली नव्हती.

"या की बाई! सेट गावला काय?"

"मला नाही गावला. तुम्हाला कुणी कबूल केलाय, ते विचारायला आले."

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. "एकानं शबूद दिलाय. नाव सांगू नका म्हनलाय, आन आमी बी शबूद दिलाय. दिवाळी झाल्याव आनून देतो म्हनला हुता. अजून पत्ता न्हाई."

"तो सेट एका दवाखान्याच्या जीपमधून काढलाय. ती जीप ओढ्यात मोडली आणि आतला माणूस मेला."

नानासो खाटेवर बसले. तोंडचं पाणी पळालं बिचाऱ्यांचं. नाव मात्र सांगेनात. शब्द म्हणे! माणूस मेला तरी शब्द मोडत नाही, असली मर्दुमकी पाहिली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं.

"शिव्या घाला, बाई," ते खाली बघून म्हणाले. "आमी नाव सांगत न्हाई. पर एवडं ऐका. त्या मानसाला आमी ग्येल्या साली आमचा टॅक्टर बी दिला हुता नीट कराया. लय देवभोळा मानूस हाय वो. असलं काम करंल, वाटलं नव्हतं."

ट्रॅक्टर कोण दुरुस्त करतं? वाईच्या मेहुण्यांचा कारखानाही करतो, लालासाहेबही करतात. आणि देवभोळे तर दोघंही. मेहुण्यांनी गिरणीच्या दारात गणपतीचं देऊळ बांधलंय, लालासाहेबांच्या गळ्यात माळ. मी परतीच्या एस.टी.त बसले ती तेवढीच माहिती घेऊन. पण एक गोष्ट पक्की झाली होती. ओढ्यात माणूस गेल्यावर चोर घाबरला होता, आणि सेट अजून त्याच्याचकडे पडून होता.

५

मी फौजदारांना निरोप धाडला. पंतांना, जोतीरामला आणि ज्ञानूच्या साळूबाईला घेऊन लालासाहेबांच्या गॅरेजवर या, जीप सगळ्यांसमक्ष तपासू. साळूबाई कशाला, असं फौजदारांनी विचारलं. जिचं गेलं तिला कळायला नको? कागदावर "मयताची पत्नी" म्हणून लिहिलं की संपलं का?

साळूबाई आली. वीस-बावीसची पोर, कपाळ ओकंबोकं. ती जोतीरामपासून लांब उभी राहिली. तिच्याही मनात तोच चोर होता.

सेट दोनापैकी एका जागी असणार होता, म्हणून मी आधी हेच गॅरेज धुंडाळायला लागले. लालासाहेब हसत होते. "शोदा की, ताई. आमाला काय चोरी हाय?" भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, सुकून काळपट झालेलं. खंडेनवमीला लावलेलं. घण, ऐरण, जॅक, सगळ्यांवर तेच. मागच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, मला हवं होतं ते सापडलं. मोठं चक्र आणि त्याचं जोडीचं छोटं. मी दात मोजले.

"एकोणचाळीस," मी मोठ्यानं म्हटलं.

लालासाहेबांचं हसू गेलं, पण जीभ शाबूत होती. त्यांनी सरळ गंगाधरपंतांकडे बोट केलं.

"आता लपवून काय उपेग? ह्यांनीच आनून दिला, फौजदारसाहेब. दिवाळी झाल्यावर. वाईहून येताना. म्हनलं, इकून टाका. म्या ठिवून घेतला, यवडाच माजा गुन्ना!"

"खोटं! साफ खोटं!" पंत किंचाळले. पण वाईची ती सहल फौजदारांना आता माझ्याकडूनच कळलेली होती. फौजदार पंतांकडे वळले. माझ्या मनातलाच चोर पकडला जात होता. मला बरं वाटायला हवं होतं.

नाही वाटलं. कारण माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं.

"फौजदारसाहेब, थांबा. आधी हे लिहून घ्या. या चक्राच्या पाठीवर हळदकुंकू आहे. सुकलेलं. पान्यांवर आहे तसंच." त्यांनी पाहिलं, सोबतच्या पंचांना दाखवलं आणि लिहून घेतलं.

मग मी मागच्या दाराकडे हाक मारली. लालासाहेबांची बायको, रंगुबाई, चहाचं आधण ठेवून नुकतीच दारात आली होती. तिला या सगळ्याचा गंधही नव्हता.

"रंगुबाई, खंडेनवमीची पूजा कोण करतं इथं?"

"मीच की, ताई."

"या चक्रालाही तुम्हीच कुंकू लावलंत?"

"व्हय तर. कोपऱ्यात पोत्याखाली झाकल्यालं हुतं. ह्यांनी सांगितलं न्हवतं, पर लोकंड ते लोकंड. सगळ्यांस्नी लावायचं आन ह्यालाच उपाशी ठिवायचं व्हय?"

फौजदारांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला, म्हणून मी सांगून टाकला. खंडेनवमी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दिवाळी त्यानंतर तीन आठवड्यांनी. पंतांनी जीप वाईला नेली तेव्हा हा सेट कुंकू लावून या पोत्याखाली केव्हाचा पडलेला होता. म्हणजे तो निघाला दसऱ्याच्या आधी. आणि दसऱ्याच्या आधी जीप एकाच छपराखाली आली होती.

६

लालासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "बरं, पंतांचं नाव म्या भिऊन घ्येतलं. पर ह्यो सेट माजाच हाय. जुना पडल्याला. लडाईतल्या जीपा काय एकच हाय व्हय जगात? त्याच गाडीचा कशावरनं?"

बरोबर प्रश्न होता. मी चक्र त्यांच्यापुढे धरलं, पाठ वर करून. तेलकट लोखंडावर कुंकू घट्ट बसतं. रंगुबाईनं चांगलं बोटभर माखलं होतं, आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं.

"माझ्या दुकानची खूण असली तर याच्याखालीच असेल. नसली तर तुम्ही सुटलात. पुसा."

त्यांनी हात पुढे केला. बोटं कुंकवाच्या जवळ नेली. आणि नेलेली बोटं तिथंच राहिली. मग त्यांनी हात मागं घेतला.

"पुसा ना."

"न्हाई पुसवत," ते म्हणाले. "ज्ञानू ग्येल्याचं कळलं तवाच म्या ह्ये नदीत टाकाया काडलं हुतं. पर खंडेनवमीचं कुक्कू... पूजल्यालं लोकंड पुसू कसं, आन बुडवू कसं? हात धजला न्हाई. दुसरा सेट गावला की गाडीत घालनारच हुतो म्या. वाटलं, तवर कशाला लागतोय दांडा..."

तवर कशाला लागतोय! माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती. पण माझ्याआधी साळूबाई पुढे आली. ती ओरडली नाही. तिनं आधी चक्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"लोकंडाचं कुक्कू पुसवंना व्हय तुमास्नी?" ती म्हणाली. "माजं पुसलासा की."

जोतीरामनं तोंड फिरवलं आणि जीपच्या हौद्यावर डोकं टेकवलं.

रंगुबाई दारातून आली. माझ्या हातातलं चक्र तिनं ओढून घेतलं, पदराचं टोक रॉकेलच्या डब्यात बुडवलं आणि घासायला लागली. "अहो बाई, पुरावा आहे तो!" फौजदार ओरडले. तिनं ऐकलं नाही. नवऱ्याकडे एकदाही न बघता ती घासत राहिली, पदर लालकाळा होईपर्यंत. मग तिनं चक्र माझ्यापुढे केलं.

पाठीवर दोन ठिपके होते. माझ्या हातानं ठोकलेले.

कायदा कसा असतो पाहा. लालासाहेबांवर कलम लागलं ते चोरीचं. चार दातांच्या फरकानं जो माणूस मेला, त्याच्यासाठी कलम शोधायला कुणाला सवड झाली नाही. पंतांनी तक्रार मागं घेतली आणि जोतीरामला पुन्हा कामावर घेतलं, वर उपकार केल्यासारखं तोंड करून. मी त्यांना कचेरीत जाऊन सुनावलं, शिपायादेखत.

त्या दिवशी गॅरेजबाहेर मात्र जोतीराम साळूबाईला एस.टी. स्टँडवर पोचवायला निघाला. सकाळी ती त्याच्यापासून लांब उभी राहिली होती. आता रस्ता ओलांडताना तिनंच त्याला विचारलं, "भाऊ, गाडी कवा चालू हुईल?"

"सेट बसला की लगीच."

"मंग वरच्या गावात येत जावा," ती म्हणाली. "भात अजून उभं हाय. मानसं रानात हायेत."